सुंदुसला मी थांबवलं

— नाही हो अन्वरभाऊ, ती दारात रडत होती ते तुमच्यामुळे नाही. बसा. चहा घ्या आधी. सुंदुस म्हणजे आमच्या या वृद्धाश्रमाची नर्स — सगळ्या म्हाताऱ्यांना मिळून ती एकच. दुसरी ठेवा म्हणता? आणू कुठून? शिकल्या की पोरी जर्मनीला जातात. तिथेही म्हाताऱ्यांचीच सेवा करतात, पण तिथल्या म्हाताऱ्यांची! तुम्ही नाही का मार्सेलला गेलात — टोमणा नाही हो, घ्या, गार होईल.

गेल्या वर्षी तिला ट्युनिसला पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचंच खास शिक्षण. काय खूष होती पोरगी! आणि मी काय म्हटलं? ‘‘अगं, तू गेलीस तर यांना कोण बघणार?’’ एवढंच. हात धरला नाही, दार अडवलं नाही — एवढंच म्हटलं. पण तेवढं पुरेल हे मला ठाऊक होतं. ती राहिली.

मग तुमचे वडील शोरबा पिताना खोकायला लागले. रोजच. ती म्हणाली — मला आदराने लल्ला म्हणते ती — ‘‘लल्ला नजीबा, यांचं गिळणं बिघडलंय की नुसता खोकला आहे, मला कळत नाही. हे तिथे शिकवणार होते.’’ मी तिच्यावरच खेकसले, ‘‘हळूहळू भरव की! उपाशी ठेवतेस का त्यांना?’’ तिने भरवला. तो फुप्फुसात गेला. — फोनवर मी तुम्हाला थंडी बाधली म्हणाले ना? थंडी नव्हती, अन्वरभाऊ.

हे मला सांगायचं नव्हतं. आता निघालंच तोंडून.

बरे आहेत ते, दवाखान्यातून आणलंय, आवाज तेवढा बसलाय. पण ती पोर स्वतःलाच दोष देत बसलीय. यंदा पुन्हा जागा मिळालीय तिला. काल मीच म्हटलं, ‘‘जा बाई.’’ शिकून इकडेच ये, अशी शपथ घालणार होते, अगदी ओठावर आली होती — नाही घातली. कुठल्या तोंडाने घालू? उद्या सकाळी निघतेय. परत येईल? मी तिच्या जागी असते तर आले नसते.

उद्यापासून कोण? मी. मला काय येतं? काही नाही येत. जाहिरात दिलीय, अजून कुणी फिरकलं नाही.

असं बघू नका हो. ओरडा, तक्रार करा, मी नाही म्हणणार नाही. फक्त सुंदुसला काही विचारू नका, तिला नीट जाऊ द्या. जे काय विचारायचं ते मला — पण आत्ता नाही. वडील जागे आहेत. जा. जा ना, माझ्याकडे काय बघताय!