मी ठोकलं होतं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे नाना, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि हात घासघासून धुतले तरी नखांत ग्रीस घेऊन आलेल्या माझ्या वर्कशॉपमधल्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी नानांचं तोंडभरून कौतुक केलं. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. साहेब ‘तुमची उणीव भासेल’ म्हणाले, तेव्हाही डोलावली. मागून कुणी ‘पंखा लावा’ म्हणून ओरडलं, तेव्हाही डोलावली. तुम्ही हसलात. हसा. मला मात्र हसू येत नाही हो.

आता मी त्याला अरेतुरे करणार, सवय आहे. बसचा गिअरबॉक्स चढवणं हे दोघांचं काम. नाना खाली भार पेलणार आणि मी वर वाकून गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटमध्ये सरळ जातोय का ते बघणार. शेडमध्ये इंजिनांचा गोंगाट, बोललेलं कुणाला ऐकू जाणार? म्हणून आमची खूण ठरलेली. गिअरबॉक्सवर पान्याने एकदा ठोकलं की थांब, दोनदा ठोकलं की जा पुढे. उमेदीची सगळी वर्षं आमची या ठोकण्यावर गेली. सकाळी कडकडून भांडलो, तरी दुपारी खूण चुकली नाही.

मग गिअरबॉक्सचा भार पेलायला चाकांचा जॅक आला. साहेब, जॅकला मी नावं ठेवत नाही, आमच्या पाठी वाचल्या. पण नानाचे हात गिअरबॉक्सवरून निघाले आणि जॅकच्या दांड्यावर गेले.

अशातच ती बस आली. गिअरबॉक्स चढवला आणि क्लच काही सुटेना. पेडल पार तळाला दाबलं, तरी गिअर टाकताना कर्रर्र, आणि गाडी आपली पुढे सरकतेय. पेडलचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितला, बरोबर. नळीतली हवा काढली, तेल बदललं. छे! शेवटी नाइलाजाने सगळं पुन्हा उतरवलं, तर क्लचप्लेट मधोमध वाकलेली. चढवताना गिअरबॉक्सचा सगळा भार तिच्यावर लोंबकळला होता. मी ‘थांब’ ठोकलं होतं आणि नानाने जॅक खाली घेतला होता.

“तू ठोकलंच नाहीस!” नाना सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडला.

“ठोकलं रे नाना!”

“मग मला ऐकू कसं नाही आलं?”

तेवढ्यात मागून साहेब आले. “नाना, अहो नाना,” त्यांनी हाका मारल्या. नाना त्या प्लेटकडेच बघत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याचे कान केव्हाच गेले होते, बोलणं तो समोरच्याचे ओठ बघून ओळखायचा. इतकी वर्षं माझं ठोकणं तो तळहाताने ऐकत होता, आणि मला, त्याच्या जोडीदाराला, पत्ताच नाही!

ऐकू न येणाऱ्या माणसाला गाडीखाली कसं पाठवणार? म्हणून मुदतीआधी हा निरोप. साहेबांचं चुकलं नाही. पण नाना म्हणतो, “माझे कान ठणठणीत आहेत, यानेच घात केला.” त्या दिवसापासून अबोला. मी समजावायला गेलो की तोंड फिरवतो. वहिनी, तुम्हीही सांगून दमलात. आज तो घरी जाणार तो हेच मनात घेऊन. आणि मी इथे माईकवर बोलतोय, ज्याच्यासाठी बोलतोय त्यालाच ऐकू येत नाही. काय उपयोग? सांगा ना, काय उपयोग या भाषणाचा?

तो बघा, पाण्याचा पेला उचलतोय. दुसरा हात टेबलावर आहे. अध्यक्ष महोदय, क्षमा असावी, जरा तुमच्या टेबलावर ठोकतो. एकदाच.

थांबला! पेला ओठांपाशी आणि तसाच थांबला. बघताय ना सगळे? नाना, असा बघतोस काय? मीच ठोकलं. त्या दिवशीही मीच ठोकलं होतं रे.

मंडळी, माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. भलत्या वेळी भलतं बोललो असेन, तर पोटात घाला. पेला अजून तसाच आहे त्याच्या हातात. आता दोनदा ठोकायला हवं. पण माझ्याने हात उचलवत नाही.