गाठ चोळली की विरते

हळू बोला साहेब, हळू. भिंत पातळ आहे, पलीकडच्या खोलीत आमच्या सासूबाई शेजारच्या कमलच्या तान्ह्या पोराला तेल लावतायत — ऐकू येतंय ना रडणं? आमचे हे गेल्यापासून त्यांनी कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता, आज कुठे उठल्या. आणि नेमके आजच तुम्ही परळच्या इस्पितळातून लंगडत लंगडत जिने चढून आलात — काय विचारायला, तर यांचा सुजलेला पाय कुणी चोळला होता का! नाय चोळला. झालं समाधान?

पोटात कॅन्सर असला की रक्त लवकर गोठतं, पायात गोठलं की पाय सुजतो, नि चोळला की ते गोठलेलं सुटून छातीत जाऊन अडकतं — वा, काय छान सांगितलंत आज. तेव्हा कुठे होती ही मराठी? यांच्या खाटेशी उभं राहून यांच्याच रक्ताची नळी तिरकी करकरून बघत होतात, रक्त झटक्यात गोठलं तसे डोळे चमकले तुमचे — पाहिलंय मी. सोबतच्या माणसाशी इंग्रजीत भडाभडा बोललात, नि आमच्याकडे वळून काय म्हणालात? तर पायात रक्ताची गाठ झालीय. बस्स. गाठ. हा बिल्ला लावलाय ना छातीवर, मुंबईसह महाराष्ट्र पायजे म्हणून? कालच्या सभेच्या गर्दीतच पाय मुरगळला म्हणालात ना? अहो, अख्खं राज्य मराठीत पायजे तुम्हाला, आणि 'पायाला हात लावू नका' एवढं मराठीत तोंडातून फुटेना?

गाठ म्हटल्यावर लालबागेत काय करतात ठाऊक आहे? सुंदरामावशीला बोलावतात — आमच्या सासूबाईंना. बाळंतिणीच्या दुधाची गाठ असो, हमालाच्या पाठीतली असो, त्यांच्या अंगठ्याखाली विरली नाय अशी गाठ नाय. गाठ चोळली की विरते, हे त्यांचं ठरलेलं. मग पोटच्या पोराची गाठ तशीच ठेवतील? यांना घरी आणल्यावर रोज उंडीचं तेल कोमट करून पाय मांडीवर घ्यायच्या, नि हे म्हणायचे, आये, बरं वाटतंय गं. त्या दिवशीपण तेच म्हणाले — नि म्हणता म्हणता छातीला हात नेला. सासूबाईंचे हात अजून तेलातच होते, आणि —

नाय. मी काय बोलले नाय. कुणी चोळला नाय, कळलं? उद्या दुसऱ्या कुणाचा पाय सुजला तर त्याच्या बायकोला सांगा, आईला सांगा, वॉर्डात ओरडून सांगा, चाळीचाळीत जाऊन सांगा. या घरात नको. या घरात माणूस कॅन्सरने गेला, दुसरं काय झालेलं नाय. मला त्या बाईचा राग येत नाय असं समजू नका. येतो. भात वाढताना येतो. पण तो माझा मी बघेन, त्यात तुमचं रक्ताचं शास्त्र नको.

पोर गप्प झालं. आल्या बघा.

या आई. हे इस्पितळातले टिपणीस साहेब. नाय हो, काम कसलं, सहज आलेत. — हो ना, लंगडतायत. पाय मुरगळलाय, सभेत. — अहो, त्यांना कसली लाज, लावा की. तेल कोमट आहे ना अजून?

बसा साहेब. बसा म्हणते ना. पाय पुढे करा — आणि गप्प बसा.