रोडगे काई कमिटी करत नाई

...आता सांगा, रात्रभर रेल्वेत बसून पोरगी पुण्याहून आली, अन् तोंड असं पाडलेलं का मले वाटलं सामानच चोरीले गेलं. काऊन वं शाल्मली, का झालं? त म्हने, "आई, मुलाखतीत सायबानं इचारलं, सॉफ्टवेअर कोन्या रीतीनं बनवशीन? मी म्हटलं, कोबिटनं. सायेब हासला." मी म्हटलं, हासाचं काय त्यात? त रडालेच लागली. चवथी शिकलेली बाई मी, मले काय समजते? पन सांगते तुम्हाले, आठ दिवसानं दुसरी मुलाखत होती, तीच शेवटची, मंग बापानं तिचं लगनच लावलं असतं. म्हनून मी म्हटलं, बस, मले समजाव.

अन् तिनं समजावलं... अवो, मानसानं काय डोकं लावलं हो! शंभर पोट्टे एकच काम करतात, कोनालेच पुरं दिसत नाई, तरी ते उभं राह्यते. अजाईल म्हने बनवाची रीत, जराकसं कराचं, गिऱ्हाइकाले दाखवाचं, सुधरवाचं, मंग फुडचं. अन् कोबिट म्हने कारभार, कोन ठरवन, जिम्मा कोनाचा, बिघडलं त जबाब कोन देईन.

मी म्हटलं, हा त आपल्या हिंगणी गावचा भंडारा झाला वं. कनकेचे गोळे वळून रोडगे मी करते. पयला घान गोवऱ्याच्या आरात टाकते, एक फोडून पायते, कच्चा असन त आर वाढवते, मंग दुसरा घान. अन् भंडाऱ्याचा कारभार पायनारी मधुकररावची कमिटी? मधुकरराव मले म्हन्ते, "कोकिळाबाई, कोठीची किल्ली माह्यापाशी राहीन." रोडगा त्यायनं जन्मात वळला नाई. पन ज्या साली कमिटी भांडून मोडली, त्या साली कनिक दोनशे मानसाची अन् पंगतीले पाचशे. बनवनं येगळं, कारभार येगळा, पोरी. रोडगे कसे केले म्हनून कोनी इचारलं, त तू काय मधुकररावचं नाव सांगशीन?

हासली तवा. दुसऱ्या मुलाखतीत हेच सांगतलं म्हने, आरा-गोवऱ्यासकट. सायेब आयकतच राह्यला. लागली नोकरी. मले वाटलं, माही पोरगी आता सॉफ्टवेअर बनवते. नाई. कारभारात घेतली.

अन् यंदा भंडाऱ्याले सुट्टीवर आली. मी आरापाशी, डोये धुरानं लाल, अन् हे बाई वही घेऊन उभी. "आई, मीठ कोनाले इचारून टाकलं?" बनवनं येगळं, कारभार येगळा, मीच शिकवलं नं. घरात एकच कमिटी होती, तिचा बाप. आता दोन झाल्या, अन् रोडगे अजून मीच वळून राह्यली.