देवाने न घेतलेलं निर्माल्य

मंडळी, ऐका. पूर्वरंग संपला, पेटीवाल्यांचं पाणी पिऊन झालं, आता एक प्रश्न विचारतो. देवाला वाहिलेली वस्तू परत घेता येते का?

नाही. माना हलल्या तुमच्या. पुढच्या रांगेतल्या काकूंची तर दोनदा हलली. बरोबर आहे, आपल्याला हेच शिकवलंय. मग शिरसबंदरच्या भिकाजी तांडेलाने जे केलं ते पाप की पुण्य, हे तुम्हीच ठरवा. मला घाई नाही. बाहेर ऊन आहे, तेव्हा तुम्हालाही नसावी.

तांडेल म्हणजे होडीवरचा कर्ता माणूस. तो म्हणेल तिकडे होडी, तो म्हणेल तिथे जाळं. या भिकाजीच्या घराला एक मान होता. नारळी पौर्णिमेला गावातल्या सगळ्या होड्यांच्या पुढे याची होडी! आणि पुढे जायचं ते गावभराचं निर्माल्य घेऊन. घराला दुसरं काही नव्हतं हो. जमीन नाही, माड थोडके. पण पौर्णिमेला किनाऱ्यावर उभं राहिलं की सगळं गाव त्या होडीकडे बघायचं. आजोबांपासून चालत आलेला मान.

पूर्वी निर्माल्य टोपलीतून जायचं. फुलं, दुर्वा, बेल. टोपली उलटी केली की काम झालं. मग आपण सुधारलो! पिशवी आली. फुलं पिशवीत, उदबत्तीचा पुडा पिशवीत, फुटकी तसबीर पिशवीत, आणि त्या सगळ्या पिशव्या आणखी एका मोठ्या पिशवीत. समुद्राने काय करावं? भरती आली की परत आणून टाकायचा. देवाची फुलं किनाऱ्यावर कुत्र्यांच्या पायाखाली. भिकाजीला ते बघवेना. भक्त माणूस. त्याने विचार केला आणि एक तोड काढली — पिशवीत एक दगड घालायचा, जाळ्याच्या दोरीने करकचून गाठ मारायची आणि किनाऱ्याजवळ नाही, तर दूर नेऊन सोडायची. कुठे? देवाच्या कट्ट्यावर.

हा कट्टा म्हणजे काय ते सांगतो. खोल समुद्रात, दोन-तीन तासांच्या वाटेवर, तळाची जमीन एका जागी उंच होत येते, आपल्या पारासारखी. वरून काही दिसत नाही. पण जाळं टाकलं की गोबरा, तांबोशी, हवा तो मासा. म्हणून जुन्या माणसांनी नाव ठेवलं देवाचा कट्टा. आता जिथे एवढं देणारा कोणी बसलाय, तिथेच त्याचं त्याला नेऊन द्यावं, यात चुकलं काय? भक्ती मनापासूनची होती, हे लक्षात ठेवा. नाहीतर ही गोष्ट फार सोपी होईल.

अशी बरीच वर्षं गेली. कट्ट्यावरचा मासा कमी झाला. मग आणखी कमी. गाव म्हणालं, देव कोपला. उपाय काय? पूजा घाला. पूजा घातली की निर्माल्य. निर्माल्य म्हटलं की पिशव्या. पिशव्या कुठे? कट्ट्यावर! हसताय? हसा. आपल्याकडे बरेच उपाय असेच असतात.

भिकाजीला एक मुलगी, जयवंती. शेजारच्या गावात पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेते. पाठीवर हवेचं नळकांडं, डोळ्यांना काच. ती म्हणाली, "बाबा, देव कोपलो काय नाय, ता मी खाली जावन बघतंय."

गेली. भिकाजी वर होडीत बसून राहिला.

मंडळी, तुमच्यातल्या कितीजणांच्या बोटात पोवळं आहे? मंगळ कडक म्हणून घातलेलं? असू दे, हात लपवू नका. ते पोवळं ज्या कुळातलं, त्या प्रवाळांचं गाव होतं त्या कट्ट्यावर. आपल्याला तो दगड वाटतो. तो दगड नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढा एकेक जीव तिथे चिकटून बसतो आणि आयुष्यभर घर बांधतो. ग्रामपंचायतीची परवानगी नाही, ठेकेदार नाही. त्या घरांच्या आडोशाला मासा अंडी घालतो, पिल्लं वाढवतो. भिकाजीच्या तीन पिढ्या जेवल्या त्या या घरांच्या जिवावर.

जयवंतीने पाहिलं ते हे — प्रवाळांवर पिशव्या बसलेल्या. पिशवीखाली उजेड नाही. पाण्याची ओढ आली की पिशवी हलते, घासते, जखम करते, आणि ती जखम कुजत जाते. पिशवी होती तिथे पांढरं, मेलेलं. पिशवी नव्हती तिथे अजून रंग होता. म्हणजे देव कोपला नव्हता.

ती एक पिशवी घेऊन वर आली. भिकाजीने पाहिलं आणि त्याचा चेहराच फिरला.

"बाय, ह्या काय हाडलंस? समुद्राक दिलेला परत घेवचा नसता."

"गाठ कोणाची ती बघा."

कुठला तांडेल स्वतःची गाठ ओळखणार नाही? त्याचीच होती. ओली, हिरवी झालेली, पण जशी मारली तशी घट्ट. त्याने ती सुरीने कापली. आत फुलांचं काळं पाणी झालं होतं. पिशवी मात्र जशीच्या तशी, दुकानाचं नावसुद्धा वाचता येत होतं.

जयवंती म्हणाली, "बाबा, तुमी देवाक दिलात, ता खरा. पण देवान घेतल्यान खंय?"

 भिकाजीने होडी वळवली आणि तो घरी आला.  दोन दिवसांनी तो देवळात गेला आणि गावाला सांगितलं, कट्टा आपल्या पिशव्यांनी मरतोय, त्या सगळ्या मी वर काढणार.

देवळात कल्लोळ! कोणाला कुठला मान ते ठरवणारे गावकर, आत्माराम, उठून उभे राहिले. "भिकाजी, देवाक दिलेला परत हाडशीत, तर तुझ्या घराचो मान जायत."

भिकाजीला रडू आलं, मंडळी. आजोबांचा मान. सगळ्यांदेखत डोळे पुसले त्याने. आणि म्हणाला, "मान गेलो तरी चलात. कट्टो रवाक व्हयो." कट्टा राहिला पाहिजे!

मग पाऊस लागेपर्यंत बापलेक रोज जात राहिले. ती खाली, तो वर दोरी धरून. ओढून काढायचं नाही, प्रवाळ तुटतं. हळूहळू कापत, सोडवत. काही पिशव्या इतक्या रुतल्या होत्या की त्या तशाच ठेवाव्या लागल्या. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वर काढलेल्या सगळ्या पिशव्या त्याने वाळूत ओळीने मांडल्या. कोणाला बोल लावला नाही. बायका बघायला आल्या. एकीने स्वतःच्या साडीचा तुकडा ओळखला, एकीने सासऱ्यांच्या तसबिरीची चौकट. आत्माराम गावकरही आले, एका पिशवीपाशी जरा जास्त वेळ थांबले आणि निघून गेले.

तुम्हाला वाटेल, आता मान परत मिळाला. नाही मिळाला. गावाने शब्द पाळला. दुसऱ्या घराची होडी पुढे गेली आणि भिकाजीची सगळ्यांच्या शेवटी. पण त्या पुढच्या होडीत पिशवी नव्हती. नुसता नारळ होता.

तर आता सांगा, पाप की पुण्य? वाहिलेलं परत घेऊ नये हे खरंच. पण देवाने जे घेतलंच नाही, ते वाहिलेलं कसं? ते आपण त्याच्या अंगणात टाकलेलं. टाकलेलं उचलायला कुठलं शास्त्र आड येतं?

आता आरती. पण थांबा. मी आत येताना पाहिलं, मंडपामागे सप्ताहाचं निर्माल्य पिशव्यांत भरून ठेवलंय, आणि खाडीवर न्यायला रिक्षाही सांगितलीय. आरतीचं ताट झाकून ठेवा. आधी सगळ्यांनी मागे जायचं, फुलं काढून माडांच्या आळ्यात घालायची आणि आपापली पिशवी आपापल्या घरी न्यायची. मी इथेच उभा आहे. तुम्ही परत आलात की देवाला ओवाळू.