टकलाचा मेल

...नाही नाही, चोर परवडला हो! चोर निदान घरात असेल ते नेतो. ही माझी इंटरनेट कंपनी दारात आलेले मेलच परस्पर गायब करते, आणि वर कशी म्हणते? "तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे, सर!"

तुम्हाला सांगतो, माझा धंदा टोपांचा. नाटकवाल्यांना लागतात ते केसांचे टोप, विग म्हणा. एकेक केस जाळीत ओवायचा, गाठ मारायची, मान मोडेपर्यंत. आता अशा माणसाच्या मेलमध्ये काय असणार? केस, टक्कल, दाट केस, लांब केस... दुसरं काय असणार? आणि नेमकं हेच लिहून जगभरचे लुच्चे तेलं विकतात! कंपनीच्या चाळणीला ते तेलवाले आणि मी सारखेच. बरं, स्पॅममध्ये तरी टाका ना, मी उपसेन उकिरडा! तेही नाही. वरच्या वर गडप.

नाटकवाल्यांचं सोडा, ते शिव्या देतात आणि परत येतात. पण माझी भाची... ताईची एकुलती एक. शाळेत शिकवते. मोठ्या आजारातून उठली, औषधांनी सगळे केस गेले. फोनवर हे बोलणं तिला जमेना, म्हणून तिने मला मेल केला. "मामा, टक्कल पडलंय. शाळा सुरू व्हायच्या आत विग करून देशील?" आयुष्यात पहिल्यांदा पोरीने मामाकडे काही मागितलं! उत्तर नाही. परत पाठवला. उत्तर नाही. आणि मी इकडे शिट्टी वाजवत नाटकातल्या कुठल्याशा राजाचा टोप विंचरतोय!

मग ताईचा फोन. ओरडली असती तर बरं... हळू बोलली. "तिचा विग नसेल करायचा तर तसं सांग रे. दोन मेल टाकलेत तुला, पोर सारखा मोबाइल उघडून बघते." आणि ठेवला! मी लावतोय, ती उचलेना. भाचीला मेसेज टाकला, "अगं, तुझा मेल आलाच नाही!" तिने वाचला. पुढे सामसूम. बरोबरच आहे, कोण विश्वास ठेवेल? मी मेल लिहिला, "बाळा, तुझा विग मीच करणार." परत आला! जाणाराही अडवतात!

कंपनीला फोन केला. आधी गाणं, मग बाई. "सर, टक्कल हा शब्द टाळता येईल का?"

"मग काय लिहू? डोक्यावरचं मैदान?"

"तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे, सर. आपण तक्रार ईमेलने करा ना."

केली! तक्रारीत टक्कल आलं... तक्रार गडप! परत फोन, परत गाणं, आता साहेब. मी रडकुंडीला आलो हो, अक्षरशः हात जोडले फोनसमोर, "साहेब, पोरगी वाट बघतेय!" तर साहेब कसे, शांतपणे, "तुमच्या सुरक्षिततेसाठीच..."

आपटला फोन! माप घ्यायची टेप खिशात कोंबली आणि मिळेल ती बस पकडून ताईचं घर गाठलं. ताईने दार उघडलं, बाजूला झाली. भाची खिडकीशी, डोक्याला रुमाल. मान वळवेना.

"मामा, खरंच नाही मिळाला मेल?"

"नाही गं राणी. त्यात टक्कल होतं ना, कंपनीला वाटलं कुणीतरी तेल विकतंय."

आता तिने मान वळवली. "म्हणजे... मी स्पॅम?" आणि जी हसत सुटली! रुमाल घसरला तरी हसतेय, आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे पुसतेय. मी माप घेतलं. ती हसायची थांबेना, दोनदा घ्यावं लागलं.

राजाला म्हटलं, बस तसाच बोडका! सगळी कामं बाजूला सारून तिचा टोप केला. शाळेत गेली, तर मुलांनी काय म्हणावं? "बाई, तुम्ही केस कापले?" बस! मला अजून काय हवं?

आणि परवा मेलबॉक्स उघडतो, तर चक्क एक मेल! कंपनीचाच! "आमच्या सेवेवर आपण समाधानी आहात का?" खाली दोन बटणं, हो आणि नाही. "नाही" दाबायलाच गेलो... तर शेजारी बारीक अक्षरांत लिहिलंय, "कृपया कारण ईमेलने कळवावे."

"हो" दाबलं.