नगारखान्याची शिडी

—तर चुन्याचा कुंचा ह्या गुरुलिंगासारखा धरणारा अख्ख्या सोलापुरात दुसरा न्हाय, लिहून ठेव! म्हंजे, एक होता. तुझा बा. आणि कल्लप्पा होता तवर माझा नंबर दुसराच होता, ती गोष्ट निराळी—हसू नकोस. हात काढ शिडीवरनं, ईश्वरप्पा. सकाळच्या पूजेपासनं ह्या तिसऱ्या पायरीवर बसलोय, बुड बधिर झालंय, तरी उठणार न्हाय. तुझे गडी मला उचलायला आले तर असा बोंबलीन की मठातले स्वामी अर्ध्या आंघोळीतनं भाईर येतील—येऊ देत की, त्यांनाबी जरा वारा लागंल.

ठाऊक हाय रे, नगारखान्याच्या रंगाचं काम पंचांनी तुला दिलंय. मी काय जळतोय म्हणून बसलो न्हाय. जळतोय, ते खरं, पण त्यापायी नव्हं. हे तुझे डबे—मुंबईहून आगगाडीनं आलेला तेलरंग, वर गोऱ्या मडमेचं चित्र—दाराला लाव, टांग्याला लाव, बायकोच्या ट्रंकेला लाव, मी टाळ्या वाजवीन. भिंतीला लावू नकोस. दोनशे वर्सांची भिंत हाय ही, आत दगड-माती, पायाशी विहिरीची ओल. ती ओल रोज वर चढती आणि चुन्यातनं भाईर जाती, अंगातनं घाम जातो तशी. आणि तू तिला मामलेदाराचा रबरी कोट घालणार, उन्हाळ्यात, गळ्यापतोर बटणं लावून! घाम जायचा कुटं? आतच ऱ्हाणार की. गिलावा फुगणार, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी परातीएवढी ढलपी खाली. खाली कोण बसतं सोमवारी? फुलं-नारळ घिऊन बाया बसतात. तू बसतोस व्हय?

काय म्हणालास? चुना लावला म्हणून तरी कुटं टिकला? हां, आलास त्याच बोलण्यावर. ठाऊक हाय मला, त्याच रागानं तू चुन्याला शिवत न्हाईस. ही पूर्वेची बाजू तुझ्या बानं रंगवली, पश्चिमेची मी. माझी अजून हाय तशी हाय. त्याची तिसऱ्या पावसाळ्यात पडली, मार्शल लॉच्या आदल्या साली, एका बाईचा खांदा मोडला, आणि पंच म्हणाले कल्लप्पानं चुन्यात राख घातली. चुन्याची घाणी गेली, कामं गेली, गिरणीत गाठी उचलत खोकत मेला बिचारा. राख! अरे, त्यो माणूस चुना सहा महिने भिजवायचा आणि आदी सोता पानाला लावून खायचा, मग भिंतीला द्यायचा. ह्या पेठंतल्या म्हाताऱ्या पानासाठी त्याच्याच हौदातनं चुना मागून न्यायच्या. आपण खातो त्यात राख कोण घालंल? नव्हती राख. मी शपथंवर सांगतो, नव्हती.

मला कसं ठाऊक? थांब, दावतो. हे बघ—धर, फुटंल, नीट धर—त्याच दिवशी पडलेल्या गिलाव्याचा तुकडा. ठेवला होता मी, ट्रंकेत, धोतराखाली. आता त्यो तांब्या दे हिकडं. हे पाणी माझ्या बाजूच्या भिंतीवर मारतो, बघ. पिलं. गटागट. काळा डाग पडला आणि सुकायबी लागला. आता हेच पाणी तुझ्या हातातल्या तुकड्यावर. बघ, बघ, थेंब कसा पळतोय, अळूच्या पानावरनं पळावा तसा! पीत न्हाय. का पीत न्हाय? वर तेल बसलंय, जवसाचं, उकळलेलं. तेलानं भिंत कोंडली, कल्लप्पाच्या चुन्यानं न्हाय. झालं, मिटलं. तुझा बा सुटला, भिंत सुटली. उचल तुझे डबे.

असा काय बघतोस?

तेल कुटनं आलं, म्हंजे... उडालं असंल की कुणाच्या समईतनं. एवढ्या भिंतीवर, व्हय, तेबी खरं—मनगट सोड. सोड रे, म्हातारं हाड हाय. सांगतो.

गंमत होती ती. दुसरं काय न्हाय. कल्लप्पा दुपारचा भाकरीला घरी गेला, त्याचा चुन्याचा शेवटचा हात सुकला होता, आणि मी चिंधी तेलात बुडवून त्याच्या भिंतीवर फिरवली, वरपासनं खालपतोर. चमकली अशी की संगमरवर झक मारंल. मी चारचौघांत विचारणार होतो, कल्लप्पा, चुन्याला ही झळाळी कशी आणलीस गड्या, आणि त्यो मिशीला पीळ देऊन सांगायला लागला की चिंधी काढून दावणार होतो. एवढंच. पण त्यो आला आणि भिंतीपुढं उभाच ऱ्हायला. हात लावून बघितला. मग तुझ्या आईला बोलावून आणलं, नागव्वा, ये, बघ म्हणाला. नवरदेवासारखा दिसत होता, ईश्वरप्पा. चिंधी माझ्या धोतरात होती. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पंचांनी त्याला फेटा बांधला. फेटा बांधलेल्या माणसाला कसं सांगायचं?

आणि गिलावा पडला तवा... मी तितंच होतो. पंच राख-राख करत होते, आणि त्यो एकटा माझ्याकडं बघत होता, गुरुलिंग बोलंल म्हणून. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आणि त्यातनं काहीतरी विनोदच निघाला. कोणता, ते आता आठवत न्हाय. सगळे हसले होते, एवढं आठवतंय.

दे शिवी. दे की, मोठी दे, मी मोजणार न्हाय. पण डबा उघडू नकोस. चुना मी भिजवतो, मी चाळतो, वरचं नाव तुझं. पुन्हा एकदा ह्या भिंतीवर तेल... अरे, तुकडा असा आवळू नकोस, चुरा होईल, दुसरा पुरावा न्हाय माझ्यापाशी. कुटं निघालास? ईश्वरप्पा?

"उठू नका, काका. तितंच बसा. मी आईला घिऊन येतो, ही गंमत तिला सांगा."