पार्किंगमधलं मैदान

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि इथल्या बेसबॉल इतिहास मंडळाचे ज्येष्ठ सभासद माननीय नोव्हाकसाहेब, मराठी मंडळाच्या अध्यक्षा सुवर्णाताई, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आमची नीलांबरी, आणि माझ्या बंधू-भगिनींनो,

सर्वांना नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? माझा मुलगा राजेश म्हणतो, बाबा, माईक जवळ धरा. जवळ धरला की तो शिट्टी मारतो. नोव्हाकसाहेबांना मराठी येत नाही, म्हणून माझा नातू अंकुर त्यांच्या कानात इंग्रजीत सांगतो आहे. अंकुर, मी अडखळलो तरी तू अडखळू नकोस.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, इतिहासावर काय बोलणार? पण नीलांबरी आमच्या बेसमेंटमधल्या खोलीत राहायची. घरात एकटा असलो की मला गॅस चालू राहिल्यासारखा वाटतो, म्हणून ती मला लायब्ररीत घेऊन जायची. ती जुनी वर्तमानपत्रं पडद्यावर वाचायची आणि मी बाहेरच्या पार्किंग मीटरची काळजी करायचो. या भागात पूर्वी वीटभट्ट्या होत्या, कामगारांच्या बेसबॉलच्या टीम होत्या. तिचा अभ्यास त्यांचा. आईवडिलांनी पुण्याहून कंप्यूटर शिकायला पाठवलेली मुलगी, आणि शोधते काय, तर कधीच मेलेल्या वीटभट्टीवाल्यांचे खेळ.

या संशोधकांची एक रीत आहे. हरवलेलं मैदान सापडलं की होम प्लेट, म्हणजे बॅटवाला जिच्याशी उभा राहतो ती पांढरी पाटी, कुठे होती ते ठरवायचं आणि तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं. बस. आणि दोन वेगवेगळे पुरावे असल्याशिवाय कुठलीही गोष्ट नक्की म्हणायची नाही.

तर मंडळी, असं एक मैदान या हॉलच्या मागेच होतं. डेव्हन ॲव्हेन्यूवर, या आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, जागा मिळत नाही म्हणून आत्ता तुम्ही जिथे गाड्या लावल्या आहेत, तिथेच. एक जुना नकाशा आणि एक बातमी, दोन्ही तेच सांगतात. पण होम प्लेट? आम्ही दोघांनी अख्खा हिवाळा ती उत्तरेच्या टोकाला शोधली. क्रिकेटची खेळपट्टी उत्तर-दक्षिण असते, त्यामुळे दुसरी दिशा आमच्या डोक्यातच आली नाही. नोव्हाकसाहेब आले आणि पोट धरून हसले. इथे बॅटवाल्याचं तोंड बहुतेक पूर्वेला असतं, म्हणाले. हसा, साहेब, आत्ताही हसा.

मग ते एकदा डोरोथीबाईंना घेऊन आले. वय अठ्ठ्याऐंशी, चालायला वॉकर. त्यांचे वडील वीटभट्टीच्या टीममधून खेळायचे. बाई लहान असताना ट्राम इथून गेली की वडील खिडकीतून हात करून म्हणायचे, ‘मी तिथे बॅट घेऊन उभा राहायचो.’ पण ट्राम पुढे गेलेली असायची. ‘तिथे’ म्हणजे कुठे, हे बाईंना कधी दिसलंच नाही. आता घर विकलेलं, आठवड्याभरात मुलीकडे ॲरिझोनाला जायचं. त्याआधी एकदा त्या जागेवर उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

नीलांबरीकडे पाटीच्या जागेचा अंदाज देणारा एक फोटो होता, दुसरा पुरावा नव्हता. बाई वाट पाहत उभ्या. मी तिला मराठीत म्हटलं, “सांग ना गं, पाटी इथेच होती म्हणून. त्यांना काय कळणार आहे?”

ती म्हणाली, “काका, त्यांना कळणार नाही, म्हणूनच सांगता येत नाही.”

मग तिने बाईंना सांगून टाकलं की मैदान याच आवारात होतं, पण होम प्लेट कुठे होती ते तिला माहीत नाही. मला वाटलं, संपलं, म्हातारी आता रडणार. बाईंनी इतकंच विचारलं, “याच आवारात, नक्की?”

“नक्की.”

बाईंनी वॉकर वळवला आणि एका कोपऱ्यातून चालायला लागल्या. गाड्यांच्या एका रांगेतून जायचं, दुसरीतून परत यायचं. ऊन कलतं होतं. दुकानातून भाजलेल्या मसाल्याचा वास येत होता. पिशव्या घेतलेल्या बायका ट्रॉल्या थांबवून वाट देत होत्या, गाडी मागे घेणारा एक सरदारजी इंजिन बंद करून बसून राहिला. मला गाड्यांची नेहमी भीती वाटते, त्या दिवशी वाटली नाही. सगळं डांबर हिरवं दिसत होतं. खोटं कशाला सांगू, गवताचा वाससुद्धा आला.

शेवटच्या रांगेतून बाहेर आल्यावर बाई दमून थांबल्या. नीलांबरीचा हात धरून म्हणाल्या, “म्हणजे मी त्या जागेवरून गेले.”

विचार करा, मी सुचवलेली जागा तिने दाखवली असती, तर बाई तेवढ्यावरच उभ्या राहून परत गेल्या असत्या.

नीलांबरी ओहायोला संग्रहालयात नोकरीला चालली आहे. बेटा, गाडी हळू चालव, पोचल्यावर फोन कर. दुसरा पुरावा सापडला तरीही कर. तोवर मी रोज इथे फिरायला येतच आहे.

अध्यक्षांचे, सुवर्णाताईंचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बटाटेवडे निवत असतील. माझ्या बोलण्यात नेमकं कुठे चुकलं ते मला दाखवता येणार नाही. तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्याचीच क्षमा असावी.